छापून आलेलं पाणी

आमच्या सासरी चार साप्ताहिकं आहेत. दुसऱ्यांच्या घरात जमिनीचे तुकडे असतात, गाळे असतात, आमच्यात साप्ताहिकं. ठाण्याचं सासऱ्यांनी स्वतःकडे ठेवलं, कल्याणचं थोरल्या दिरांना दिलं, डोंबिवलीचं नणंदेला, आणि दिव्याचं कोणालाच नको होतं म्हणून माझ्याकडे आलं. दिव्यात जाहिरात मिळत नाही, स्टेशनातून बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि घर मिळालं तर त्यात पाणी मिळत नाही, अशी कारणं थोरल्या दिरांनी मला समजावून सांगितली. मला ती सांगायची गरज नव्हती, माझं माहेरच दिव्याचं. "हिला तिथली ओढ असणारच," असं म्हणून सासऱ्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ते साप्ताहिक मला देऊन टाकलं. माझ्या मैत्रिणींना पहिल्या दिवाळीला सासरकडून पैठणी मिळाली, मला संपादकपद मिळालं. पैठणी निदान नेसता तरी येते.

या चार पेपरांना आम्ही घरात आणि घराबाहेर 'समूह' म्हणतो. समूहाचं मुख्य कार्यालय खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आहे. मुख्य म्हणायचं एवढंच, बाकीची कार्यालयं नाहीत. चारही पेपरांची नावं अशी आहेत की वाचणाऱ्याला वाटावं, आत काहीतरी पेटलंय, कोणाची तरी खुर्ची आता जळणार. आत सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असते. पान एक तेवढं प्रत्येक गावाचं वेगळं, आतली पानं चौघांना सारखीच. त्यामुळे खोपटच्या पूजेचा महाप्रसाद किती भाविकांनी घेतला हे कल्याणच्या लोकांनाही दर आठवड्याला कळतं, आणि त्यांनी त्याबद्दल आजवर तक्रार केलेली नाही.

सासरे समूहाचे मुख्य संपादक. नवरा संगणकावर पानं लावतो आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसतो. सासूबाई राशिभविष्य लिहितात. त्या ज्योतिष शिकलेल्या नाहीत, पण घरातल्या सगळ्यांच्या राशी त्यांना पाठ आहेत. माझी रास कन्या. मी एकदा त्यांच्या बहिणीच्या घरी चहाला नाही म्हटलं, तर त्या शनिवारी ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या समस्त कन्या राशीला 'उद्धटपणा टाळा, वडीलधाऱ्यांचा मान राखा' असा इशारा गेला. सासऱ्यांची सिंह. सिंह राशीला कधी 'गोड कमी खा' असतं, कधी 'ओला टॉवेल पलंगावर न टाकल्यास लाभ'. समूहात प्रत्यक्ष घटनांवर आधारलेलं सदर असेल तर ते हेच.

बाकीच्या मजकुराची रीत वेगळी आहे. पेपर गुरुवारी छपाईला जातो आणि शनिवारी लोकांच्या हातात पडतो. कार्यक्रम असतात शुक्रवारी, नाहीतर शनिवारीच. ते होईपर्यंत थांबलो तर बातमी पुढच्या आठवड्यात जाणार, तोवर कार्यक्रम करणाऱ्याचा उत्साह ओसरणार आणि उत्साहाबरोबर जाहिरातही जाणार. म्हणून आम्ही कार्यक्रम व्हायच्या आधीच तो 'उत्साहात संपन्न' करून टाकतो. सासऱ्यांनी शब्दसुद्धा ठरवून दिलेत. हळदीकुंकू 'खेळीमेळीत', शिबिर 'उत्स्फूर्त प्रतिसादात', पुण्यतिथी 'भावपूर्ण वातावरणात'. एकदा मानपाड्याच्या रक्तदान शिबिराला रक्त घेणारी गाडीच आली नाही. आमच्याकडे तोवर उत्स्फूर्त प्रतिसाद छापून झाला होता. मला वाटलं, आता खरपूस समाचार घेणारा फोन येणार. फोन आला. आयोजकाला जास्तीच्या प्रती हव्या होत्या.

दुसरी रीत फोटोंची. वाढदिवसाच्या शुभेच्छांवर आमचं घर चालतं. जाहिरातीत वरच्या ओळीत मोठे नेते, मध्ये ज्याचा वाढदिवस तो हात जोडून, आणि खाली टपाल तिकिटाएवढे शुभेच्छुक. कोणाचं डोकं कोणापेक्षा किती मोठं हे सासरे स्वतः स्टीलच्या पट्टीने मोजतात. फार वर्षांपूर्वी एका मंडळाच्या उपाध्यक्षाचं डोकं अध्यक्षाच्या डोक्यापेक्षा किंचित मोठं छापलं गेलं आणि कार्यालयाच्या काचा फुटल्या. तेव्हापासून पट्टी लावल्याशिवाय ते पानावर सही करत नाहीत. मजकूर मात्र वाचत नाहीत. "शुभेच्छांचा मजकूर कोणीही वाचत नसतो," पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला शिकवलं. "माणूस स्वतःचा फोटो बघतो आणि दुसऱ्याचा मोजतो. एवढं लक्षात ठेव, पत्रकारिता जमेल." मी लक्षात ठेवलं.

कोणीही वाचत नसतो हे तितकंसं खरं नव्हतं. माझी आई वाचायची.

आई दिव्यात, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. डोंबिवलीतल्या चाळीतली खोली विकून वडिलांनी हा फ्लॅट घेतला, स्वतःचं बाथरूम असावं एवढीच त्यांची हौस. बाथरूम झालं, त्यात बिल्डरने चकचकीत नळ बसवून दिले, आणि वडील गेले तोवर त्या नळांना पालिकेचं पाणी काही आलं नव्हतं. लिफ्टची जागा आहे, तिच्यात सायकली ठेवतात. रोज सकाळी टँकर येऊन खालच्या टाकीत पाणी ओततो, ते पंपाने वर चढतं आणि अर्धा तास नळ चालतात. त्या अर्ध्या तासात आईची आंघोळ, कपडे, भांडी आणि दिवसभराचा साठा. दोन्ही गुडघे कामातून गेलेत, पण त्या अर्ध्या तासात ती तरण्या मुलीसारखी पळते.

आणि शनिवारी ती आमचा पेपर वाचते. पान एकच्या नावापासून शेवटच्या पानावरच्या मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीपर्यंत, एक अक्षर न सोडता. तिचीही रास कन्या. मी चहाला नाही म्हटल्याच्या आठवड्यात ती शेजारणींशी फार जपून बोलत होती म्हणे. दुसऱ्या कुठल्याही पेपरवर ती मेथी निवडते, फळीवर अंथरते, खिडकीच्या काचा पुसते. आमचा एकही अंक तिने रद्दीत घातला नाही, सगळे कपाटात वडिलांच्या कोटाखाली रचून ठेवलेत. इमारतीत काही वाद झाला की ती म्हणायची, "थांबा, माझ्या मुलीच्या पेपरात काय आलंय बघू." मला याची लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. दुनियेत एवढ्या भरवशाने आपल्याला वाचणारं माणूस एकच, आणि तेही आपलीच आई.

तो टँकर फुकट यायचा. पाठवणारा आमच्या दिवा साप्ताहिकाचा सगळ्यात मोठा जाहिरातदार, भावी नगरसेवक. मी पेपर हातात घेतला तेव्हाही तो भावीच होता. निवडणुका पुढे पुढे जात राहिल्या आणि तोही भावीच राहिला, इतका की आता त्याला तसं म्हटलं नाही तर राग येतो. टँकरच्या दोन्ही बाजूंना त्याचा हात जोडलेला फोटो. आई पाणी भरायला उठते तेव्हा सकाळचं पहिलं दर्शन त्याचंच.

एका आठवड्यात मी तापाने पडले होते. त्या आठवड्यात माझं पान एक थोरल्या दिरांनी लावलं. भावी नगरसेवकाने आईच्या गल्लीत नवी जलवाहिनी आणल्याचं जाहीर केलं होतं, शनिवारी लोकार्पण होतं, मजकूर आणि फोटो त्याच्याच माणसांनी पाठवले होते. दिरांनी रीतीप्रमाणे ते आधीच संपन्न करून टाकलं. वर मोठं शीर्षक, 'पाणीप्रश्न कायमचा सुटला'. खाली, 'नळाला धार लागताच महिलांच्या डोळ्यांत आनंदाश्रू'.

शनिवारी सकाळी पेपर वाटला गेला आणि दुपारी लोकार्पण झालं. मंडप होता, पेढे होते, मधोमध फुलांनी सजवलेला एक नळ होता. भावी नगरसेवकाने तो फिरवला. नळातून थोडा वेळ हवा आली, मग हवाही थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या वाजवायला पुढे उभी केलेली माणसं त्याचीच होती. प्रेशर यायला जरा वेळ लागेल, असं सांगून तो पुढच्या कार्यक्रमाला गेला.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. आवाजात सणासारखा आनंद.

"अगं, पाणी आलं ना! आत्ताच पेपर पुन्हा एकदा वाचला. मी नळ उघडून बसलेय. आमच्या मजल्यावर कधी येणार, काही कळलंय का तुमच्या ऑफिसात?"

मी म्हटलं, "येईल गं," आणि ताप आहे म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशीपासून टँकर बंद झाला. इमारतीतले लोक विचारायला गेले, तेव्हा भावी नगरसेवकाच्या माणसाने हात वर केले. "पेपरात आलंय ना लाईन चालू झाली म्हणून? आता टँकर पाठवला तर समोरचे बोंबलणार, बातमी खोटी आहे. साहेबांची बदनामी करायची काय आम्ही?"

ताप उतरल्यावर मी दिव्याला गेले. जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आई बसलेली दिसली. शेजारी नाक्यावरून विकत आणलेला पाण्याचा कॅन, एका हाताने गुडघा दाबत होती. मला बघून तिने पटकन हात काढला आणि म्हणाली, "काही नाही गं, दम खात होते." कॅन मी उचलला. घरात शिरले तर मोरीचा नळ उघडाच होता. खाली रिकामी बादली.

"बंद कर की तो," मी म्हटलं.

"राहू दे. आलं तर कळायला हवं."

एवढ्यात समोरच्या दारातून एक शेजारीण डोकावली. "काय काकू, मुलगी आली काय? मग विचारा की तिला. पेपरात पाणी आलंय, तर पेपरच पिळू काय आम्ही?" इमारतीत पेपरचा दाखला देणारी माझी आई खाली मान घालून पदराने कोरडी बादली पुसत होती. मला रडू आलं. आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. भावी नगरसेवकाचा आला, दिरांचा आला, आणि 'उत्साहात संपन्न' या शब्दांचा तर इतका आला की ते समोर असते तर मी त्यांना जिन्यावरून ढकलून दिलं असतं.

तशीच खोपटला आले आणि सासऱ्यांसमोर उभी राहिले.

"बाबा, दिव्याची बातमी खोटी आहे. पाणी आलेलं नाही. या आठवड्यात तसं छापायचं."

सासऱ्यांनी पट्टी खाली ठेवली. "खोटी म्हणू नकोस. थोडी आधी आली, असं म्हण. पाणी मागाहून येईल."

"नाही आलं तर?"

"हे बघ, या समूहाने आजवर एकही दिलगिरी छापलेली नाही. ज्या दिवशी आपण एक चूक मान्य करू, त्या दिवशी लोक बाकीच्या शोधू लागतील."

हे मात्र खरं होतं. थोरले दीर मधे पडले. "अगं काय यार तू पण! पुढच्या आठवड्यात त्याचा बड्डे आहे. पुरवणी निघतेय. आणि तू पान एकवर त्याचं पाणी काढणार? तुझ्या आईला मी स्वतः बिसलरीचे दोन बॉक्स पाठवतो, बस?"

"आणि इमारतीतल्या बाकीच्यांना?"

"बाकीच्यांच्या मुली काय आपल्याकडे दिल्यात?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो संगणकावर कोणाचं तरी डोकं लहान करत होता. लहान करता करता त्याने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. सासूबाई कोपऱ्यात भविष्य लिहीत होत्या. त्यांनी चष्म्यावरून मला एकदा पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागल्या. म्हटलं, झालं, कन्या राशीचं काही खरं नाही या आठवड्यात.

रात्री आईला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. आपला पेपर कसा निघतो, बातमी आधी कशी होते, सगळं. इतक्या वर्षांत तिला हे ठाऊक नव्हतं.

"म्हणजे त्या आनंदाश्रूंच्या बायका..."

"नव्हत्याच गं."

"मी शोधत होते, आपल्या गल्लीतल्या कोण म्हणून." मग म्हणाली, "तुझे सासरे पाणी नाही म्हणून छापणार नाहीत?"

"नाही."

"मग छापतात काय?"

"शुभेच्छा छापतात. पैसे देऊन काय वाटेल ते."

"बरं," आई म्हणाली. "मग शुभेच्छा देऊ."

दोन दिवसांनी ती इमारतीतल्या बायकांना घेऊन खोपटच्या कार्यालयात आली. रिक्षातून उतरून जिना चढून आली, गुडघ्यांना पट्टे बांधून. परवाची ती टोमणेवाली शेजारीणही बरोबर होती, तिच्याच हातात फोटोंची पिशवी. सासरे उठून उभे राहिले. विहीणबाई दारात, तेही जाहिरात घेऊन, असा योग समूहाच्या इतिहासात नव्हता.

"या या विहीणबाई! आज इकडे कुठे वाट वाकडी केलीत?"

"व्याही, आमच्या साहेबांचा वाढदिवस आहे ना, तर म्हटलं आम्हा बायकांतर्फे शुभेच्छा द्याव्यात. मोठी जाहिरात हवी. रंगीत."

सासऱ्यांनी चहा मागवला, व्याह्यांचा मान म्हणून काळ्यापांढऱ्याच्या दरात रंगीत अर्धं पान देऊन टाकलं, आणि पट्टी घेऊन फोटोंवर वाकले. प्रत्येक बाईने आपल्या दारात उभं राहून फोटो काढून घेतला होता, कमरेवर रिकामा हंडा धरून. सासऱ्यांनी ते टेबलावर मांडले, मान तिरकी करून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! मंगल कलश घेतलेल्या सुवासिनी! कल्पना सुंदर आहे. फक्त कलश जरा कापू या, चेहरे मोठे करता येतील."

"कलश राहू द्या हो," आई घाईने म्हणाली. "नवीन आहेत."

मजकुराचा कागद त्यांनी न बघताच नवऱ्याकडे सरकवला. नवऱ्याने तो टाइप केला. टाइप करताना तो वाचत होता, हे मला त्याच्या कानांवरून कळत होतं, ते लाल होत चालले होते. अध्यातमध्यात नसणारा माझा नवरा शेवटच्या ओळीपर्यंत एक शब्द बोलला नाही. फक्त पान सासऱ्यांसमोर ठेवताना मजकुराच्या भागावर चहाचा कप ठेवला. सासऱ्यांनी पट्टी लावली, भावी नगरसेवकाचं डोकं सगळ्यांत मोठं असल्याची खात्री केली, सगळ्या हंड्यांची उंची सारखी करायला लावली आणि सही केली.

पुरवणी आतल्या पानांत होती, म्हणजे चारही पेपरांत. त्या शनिवारी ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि दिवा इथल्या वाचकांना गुलाबी आणि पिवळ्या रंगात ही जाहिरात मिळाली:

'जलदूत, कार्यसम्राट, भावी नगरसेवक यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! आपण आमच्या नळाला पाणी आणल्याचे याच पेपरात वाचून आम्हांस आनंद झाला. सदर पाणी तिसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या मजल्यावर, पहिल्या मजल्यावर व तळमजल्यावर अद्याप पोचलेले नाही. बातमी आल्यापासून आपला टँकरही येत नाही. फोटोतील हंडे रिकामे आहेत. आपणांस उदंड आयुष्य लाभो आणि आम्हांस त्यातले थोडे पाणी. शुभेच्छुक, इमारतीतील समस्त महिला.'

शनिवार गेला, रविवार गेला, कोणाचा फोन नाही. सासऱ्यांचं म्हणणं किती खरं होतं! चार गावांत कोणीही शुभेच्छांचा मजकूर वाचला नाही. सोमवारी मी हताश होऊन दिव्याला उतरले, आणि पूर्वेला बाहेर पडताच थबकले. समोर दुमजली घराएवढा फ्लेक्स होता. आमचीच जाहिरात, जशीच्या तशी, गुलाबी-पिवळी. भावी नगरसेवकाला त्यातला आपला फोटो फार आवडला होता, शिवाय एवढ्या महिला कलश घेऊन पाठीशी उभ्या म्हटल्यावर त्याच्या पोरांनी पानाचाच फ्लेक्स करून स्टेशनाबाहेर टांगला होता. अक्षरं आता हाताएवढी झाली होती. तेवढी मोठी झाल्यावर ती लोकांना वाचता येऊ लागली.

फ्लेक्ससमोर ही गर्दी. कोणी फोटो काढतंय, कोणी मोठ्याने वाचून दाखवतंय. "समस्त महिला, एक नंबर!" असं म्हणत एक रिक्षावाला गाडी थांबवून उभा होता. गंमत म्हणजे भावी नगरसेवक स्वतः सकाळी तिथे येऊन गेला होता. गर्दी आपल्यासाठी आहे असं समजून त्याने हात हलवला होता, फ्लेक्सखाली उभं राहून फोटोही दिले होते.

संध्याकाळपर्यंत कोणीतरी त्याला मजकूर वाचून दाखवला. मग खोपटच्या फोनवर जे काही झालं ते फोन न उचलताही ऐकू येत होतं. सासऱ्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. फोन संपल्यावर त्यांनी पुरवणी मागवली, चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका शुभेच्छेचा मजकूर वाचला. संपादकीय वाचावं तसा, मोठ्याने, सावकाश. आम्ही सगळे भोवती उभे. थोरले दीर भिंतीला टेकले होते.

"हे कोणी लिहिलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"आईने," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. "भाषा स्वच्छ आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. भावी नगरसेवकाला पुढच्या अंकात पान एकवर जाहीर माफी हवी होती, समूहाची, मोठ्या अक्षरांत. नाहीतर एकही जाहिरात मिळणार नाही. दिरांनी तोंडाने 'हो म्हणा, हो म्हणा' अशा खुणा केल्या. माफी छापली असती तर आईची जाहिरात खोटी ठरली असती, आणि इमारतीत तिने पुन्हा खाली मान घातली असती.

सासऱ्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "साहेब," ते म्हणाले, "या समूहाने आजवर एकही दिलगिरी छापलेली नाही. आपल्यासाठीही छापता येणार नाही." आणि फोन ठेवून दिला.

त्यांना न्यायाची चाड होती, की विहिणीची भीड होती, की नुसताच हट्ट होता, हे मी विचारलं नाही. त्या घटकेला ते मला या समूहात आल्यापासून पहिल्यांदा आवडले. त्या शनिवारच्या भविष्यात सिंह राशीला होतं, 'सही करण्यापूर्वी वाचा, तरी कौतुकास पात्र'. आणि कन्या राशीला, 'आईच्या सल्ल्याने कार्यसिद्धी'.

पण हे भविष्य छापून यायच्या आधीच, बुधवारी, टँकर आला. भावी नगरसेवक दुसरं करणार काय होता? फ्लेक्स उतरवला तर लोक म्हणणार घाबरला, आणि ठेवला तर पाणी पाठवल्यावाचून गत्यंतर नाही. सकाळी आईचा फोन आला, मागे नळाचा आवाज. "ऐक, ऐक," असं म्हणून तिने फोन बादलीजवळ धरला.

मी त्याच दिवशी दुपारी तिच्याकडे गेले. जाण्यापूर्वी नवऱ्याला पान एकचा मजकूर देऊन आले होते. 'महिलांच्या पाठपुराव्याला यश, टँकर पुन्हा सुरू'. ती बातमी मी फार जपून लिहिली होती. संपन्न नाही, उत्साह नाही, आनंदाश्रू नाहीत. काय झालं, कधी झालं, कोणामुळे झालं, तेवढंच.

आईचं स्वयंपाकघर भरलेल्या भांड्यांनी भरून गेलं होतं. पातेली, डबे, कुकर, पुरणाचं पातेलं, सगळ्यांत पाणी. टोमणेवाली शेजारीण ओट्याला टेकून चहा पीत होती, मला बघून तिने दुसरा कप भरला. पिंप ठेवलं होतं तिथे फरशी ओली होऊ नये म्हणून खाली पेपर अंथरलेला होता. मी सहज वाकून पाहिलं. आमचाच होता. 'पाणीप्रश्न कायमचा सुटला' यातलं 'कायमचा' पिंपाखाली गेलं होतं आणि बाकीचं भिजून फुगलं होतं. कपाटातल्या गठ्ठ्यातून असा वापरायला काढलेला आमचा तो पहिलाच अंक. आईने माझी नजर पाहिली आणि उगाच पिंपाचं झाकण नीट केलं. मला वाईट वाटलं.

"या आठवड्याचा अंक खरा आहे आई," मी म्हटलं. "टँकर सुरू झाल्याची बातमी मी स्वतः लिहिलीये. पान एकवर घेतलीये. सगळ्यांची नावं टाकलीयेत, तुझं पहिलं."

मला वाटलं होतं, ती हरखून जाईल. तिने शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने कप खाली ठेवला. मग आई माझ्याजवळ आली, ओला हात माझ्या दंडावर ठेवला आणि लहानपणी परीक्षेला पाठवताना बोलायची तशा समजुतीच्या आवाजात म्हणाली,

"नको गं बाळा. छापू नकोस. छापलं की बंद होतं."

मी तिथूनच नवऱ्याला फोन करून बातमी काढायला सांगितली. आमच्या समूहात आधी घडून मग लिहिलेली बातमी बहुधा ती पहिलीच असेल. तिच्या जागी त्या आठवड्यात खोपटची सत्यनारायणाची पूजा गेली, जी शनिवारी व्हायची होती.